बाईंच्या कॉलरचा चिमटा

पुण्यात खोली बघायला गेलं की काय काय विचारतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं. गाव कुठलं, आडनाव काय, कामाला कुठे, मटण-मासे करता का, मित्र किती येतात. धायरीतल्या त्या बैठ्या बंगल्याच्या पायरीवर उभा राहून मी सगळी उत्तरं मनात लावून ठेवत होतो. दार उघडलं ते सत्तरीच्या, बारीक, ताठ बाईंनी. हातात पळी. त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाकशाला घाबरता?"

माझी तयारी वाया गेली. खोटं काही सुचेना, म्हणून खरं सांगत सुटलो. लिफ्टला घाबरतो. मॉलमधल्या सरकत्या जिन्याला घाबरतो. बँकेत खिडकीपाशी नंबर आला की घाम फुटतो. गॅसचं सिलिंडर. हायवे ओलांडणं. घरून अवेळी फोन आला तर. कुत्री, पण सगळी नाही...

"पुरे," त्या म्हणाल्या. "गच्चीवरची खोली तुमची. मागचे भाडेकरू कशालाच घाबरत नव्हते. शेगडीचं बटण चालू ठेवून मॅच बघायला गेले."

मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आधी भाताच्या गिरणीत, मग नागपूर, मग एका गाववाल्याच्या ओळखीने इथे, नांदेड फाट्याजवळच्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला. जिथे गेलो तिथे लोक म्हणाले, इतका काय भितोस बे. इथे मला त्यावर खोली मिळाली. मी ट्रंक वर नेली आणि पहिल्याच संध्याकाळी गॅसची नळी दोनदा तपासली. खालून आवाज आला, "बघितलीत का नळी?" मी हो म्हणालो. "मला वाटलंच."

बाई मूळच्या शनिवार पेठेतल्या. आयुष्यभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. धायरी खेडं होतं तेव्हा यजमानांनी ही जागा घेतली, घर बांधलं आणि मग ते गेले. मुलगा बंगळूरला. गल्लीतले लहानमोठे सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणत, मीही म्हणू लागलो.

त्यांचा आवडता शब्द एकच. कारण. भाजीवाल्याने मेथीचा भाव वाढवला, "कारण?" दूध उशिरा आलं, "कारण?" मी सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडलो तर जिन्याखालून, "कारण?" सांगितलेलं पटलं तर "बरं." नाही पटलं तर "हे कारण नव्हे, ही सबब आहे," आणि पाठ फिरवून आत. एकदा मला टायफॉइड झाला. बाई भाताची पेज जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून जायच्या आणि खाली गेल्यावर ओरडून सांगायच्या, "प्यायला नाहीत तर कारण द्यावं लागेल." मी प्यायलो. तापात कारण कुठून आणणार?

दुसरी सवय एकोणतीसच्या पाढ्याची. कोणतीही जड वस्तू घ्यायची झाली की ती हात लांब करून धरायची आणि तोंडाने एकोणतीसचा पाढा म्हणायचा. पाढा संपेपर्यंत हात थरथरला नाही तर वस्तू आपल्याला झेपते. कढई, कुंडी, पाण्याचा कॅन, सगळं याच कसोटीवर. भाजी मंडईत एकदा त्या कलिंगड धरून पाढा म्हणत उभ्या होत्या आणि मागे रांग खोळंबली होती. कलिंगडवाला म्हणाला, "काकू, देवाला वाहायचंय का?" बाई म्हणाल्या, "मध्ये बोलू नका, पुन्हा सुरुवात करावी लागते."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बंब. मागच्या अंगणात पत्र्याखाली तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत लाकडं पेटवायची, भोवतीचं पाणी तापतं, तोटीने बादलीत काढायचं. घरात गिझर होता, मुलाने बसवलेला, त्यावर बाई नॅपकिन वाळत घालत. "गिझरचं पाणी गरम असतं," त्या म्हणत, "तापलेलं नसतं." यातला फरक मला समजला नाही, पण थंडीत रोज सकाळी एक बादली माझ्यासाठी भरलेली असायची. "आपली आपण वर न्या. मी हमाल नाही." नदीकाठची ती थंडी, आणि वर न्यायला वाफा निघणारी बादली. मी घरापासून इतका लांब होतो की त्या बादलीचंही मला फार वाटायचं.

बंब म्हणजे सरपण आलं. आधी वखारीतून फोडलेली लाकडं यायची. वखार गेली, तिथे मोबाइलचं दुकान आलं. मग एक जण कुऱ्हाडीने फोडून द्यायचा, तो गावी परतला. गल्लीत पडलेल्या, कोणी छाटून टाकलेल्या फांद्या बाई ओढून आणत आणि रचून ठेवत. प्रत्येक ढिगावर खडूने लिहिलेलं. गुलमोहर, धूर करतो. सुबाभूळ, उतावळा. आंबा, रडतो. बाभूळ, सज्जन. पण लांबलचक फांद्या बंबात जाणार कशा? एका संध्याकाळी बाईंनी मला खाली बोलावलं आणि सांगितलं, "रविवारी कपडे बरे घाला. आपण करवत घ्यायला जातोय. साखळीची. पेट्रोलवरची."

मी म्हणालो, "बाई, ती तर झाडं पाडणारे वापरतात."

"आपण पडलेली कापायची. तेवढाच फरक."

पेठेतल्या अवजारांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं आणि माझ्याशी बोलायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "इकडे बोला. घेणार मी आहे."

"काकू, ही चेनसॉ आहे. साहेबांना घेऊन या, म्हणजे..."

"साहेब गेले. मी उरलेय."

दुकानदार वरमला. "मग हे तुमचे चिरंजीव चालवतील?"

"हे माझे भाडेकरू. हे चालवणार नाहीत, हे घाबरणार. त्यासाठीच आणलंय."

दुकानदाराने मान हलवली, जणू असं गिऱ्हाईक रोज येतं. बॅटरीवरची लहानशी काढली, बारा इंची पातं. "बागेला छान आहे."

"बाग करायची नाही, सरपण करायचंय."

मग बावीस इंची मोठी काढली. ती टेबलावर ठेवल्यावर टेबल हललं.

"अहो, जंगलावर दरोडा घालायचा नाहीये. मधलं दाखवा काहीतरी."

मधली अठरा इंची निघाली. नारिंगी रंगाची, मागे एक मूठ, वरून एक मूठ. बाईंनी ती उचलली, हात लांब केले, आणि एकोणतीस एके एकोणतीस सुरू केलं. दुकानात बोअरवेलचा पंप घ्यायला आलेले दोघे थांबून बघू लागले. एकोणतीस सातेला माझ्याच हाताला घाम आला होता. पाढा संपला, बाईंनी मशीन हळूच खाली ठेवलं. "हे. आणि साखळी थांबवायचा ब्रेक परत दाखवा. नाही, तुम्ही सांगू नका, दाखवा. आता परत."

बाहेर पडताना दुकानदार मला हळूच म्हणाला, "सांभाळा हो." मला त्या दोन शब्दांनी झोप लागली नाही.

मशीन आणलं म्हणजे लगेच चालवलं असं नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी बाई माहितीपुस्तक वाचायच्या, इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायच्या आणि मग माझी तोंडी परीक्षा. मी नववीनंतर पहिल्यांदाच परीक्षा देत होतो.

"पात्याच्या टोकाने कापलं तर?"

"मशीन उसळून अंगावर येतं."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

"मग तुम्ही काय करणार?"

"घाबरणार."

"ते माहीत आहे. त्याच्याआधी?"

याचं उत्तर बाईंच्या जवळही नव्हतं, म्हणून तर त्या विचारत होत्या. मशीन चालू असताना कानांत बोळे घालायचे, म्हणजे मी कितीही ओरडलो तरी त्यांना ऐकू येणार नाही. समोर जाऊन हात हलवायचा तर पात्यासमोर जायचं. मी म्हणालो, "बाई, तुमच्या कमरेला दोरी बांधू. काही वाटलं की मी ओढीन."

"वा. म्हणजे तुम्ही ओढणार, मी तोल जाऊन चालू मशीनवर पडणार, आणि तुम्ही वाचवलं म्हणून पेढे वाटणार."

दुसऱ्या दिवशी बाई वाळत घातलेल्या कपड्यांकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग त्यांनी तारेवरचा एक चिमटा काढला, त्याला लांब सुतळी बांधली, आणि चिमटा आपल्या मानेमागे कॉलरला लावला. सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं. "मागे जा. आणखी मागे. ओढा."

मी ओढली. टक्क करून चिमटा निघाला. बाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत, पण मानेला कळलं. "हं. पुन्हा." आम्ही मशीनशिवाय हे इतक्यांदा केलं की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "बाई, पतंग उडवताय का?"

मग त्यांनी नियम सांगितला. मी त्यांच्याकडून बरेच नियम ऐकले होते, पण हा ऐकून मला वाटलं, बाईंची तब्येत बरी आहे ना. "चिमटा निघाला की मी मशीन बंद करणार. लगेच. तुम्ही कारण सांगायचं नाही आणि मी विचारायचं नाही."

"आणि उगाचच ओढली तर?"

"तरी बंद करणार. कारण सुचेपर्यंत थांबलात तर उशीर होतो. तुम्हाला भीती वाटली की ओढायची. बास."

पहिल्यांदा मशीन चालू झालं तो दिवस. बाईंनी यजमानांची पँट घातली होती, त्यांचाच फुल शर्ट, पायाला मुलाचे जुने क्रिकेटचे पॅड, डोक्यावर काच असलेलं स्कूटरचं हेल्मेट. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला शाळेच्या प्रयोगशाळेतलं मापाचं काचेचं नळकांडं. समोर राहणारे एक निवृत्त अधिकारी, खडकवासल्याला त्यांनी बरीच वर्षं मुलांना कवायत शिकवलेली, कठड्यावर येऊन म्हणाले, "बाई, कितव्या नंबरला उतरताय?"

"सलामीला. तुम्ही पंच नाही, बाजूला व्हा."

बाईंनी मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीवर पाय दाबला, दोरी खेचली. पुन्हा खेचली. मग ते सुरू झालं, आणि मी एकदम आमच्या गावच्या घराच्या ओसरीत जाऊन पडलो.

आमचे बाबा गावाकडे आरामशीनवर होते. लाकडं चिरायचा कारखाना, त्याला तिकडे आरामशीन म्हणतात. घरापासून जवळच. आई दिवसभर तांदूळ निवडायची, पोळ्या करायची, पण तिचा एक कान त्या आवाजाकडे. जेवणाच्या सुट्टीला आवाज थांबायचा, तेव्हा ठीक. मध्येच थांबला की ती हातातलं टाकून ओसरीत येऊन उभी राहायची. पट्टा तुटला असेल, लाइन गेली असेल. पण ती तशीच उभी, आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत. मीही तिच्या बाजूला. बाबांना कधी काहीच झालं नाही. दहाही बोटं घेऊन ते म्हातारे झाले, आजही पारावर पत्ते खेळतात. पण काही न होताच आम्ही दोघांनी किती वाट बघितली, ते आम्हालाच ठाऊक.

त्या दिवशी मी सुतळी इतक्यांदा ओढली की एक फांदी संध्याकाळपर्यंत पुरली. मांजर कुंपणावर आलं, ओढली. रस्त्यावर पोरं धावली, ओढली. ढगाने सावली आली, ओढली. प्रत्येक वेळी टक्क, मशीन बंद, बाई काच वर करून उभ्या. मी म्हणायचो, "काही नाही." बाई म्हणायच्या, "बरं." चिमटा माझ्याकडून पुन्हा लावून घ्यायच्या, आणि दोरी खेचायच्या. मेथीच्या जुडीला कारण विचारणारी बाई. एकदाही विचारलं नाही, एकदाही कपाळाला आठी नाही. पुढे पुढे माझं ओढणं कमी झालं. थांबलं मात्र कधीच नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कायले पडून राहिला गा तू असल्या भानगडीत? म्हातारीले काही झालं तं तुले धरतील लोकं."

तेच बाईंच्या मुलाचं म्हणणं. ते वर्षातून दोन-तीनदा यायचे, मोठी गाडी घेऊन, वागायला अगदी सभ्य. एकदा ते मला फाटकापाशी गाठून म्हणाले, "तुमचे खूप उपकार आहेत, तुम्ही आईजवळ असता. पण हे मशीन म्हणजे अति झालं. तिला मी सांगून थकलो. तुम्ही एक करा. त्याला एक प्लग असतो, तो काढून ठेवा. बिघडलं म्हणून सांगा. दुरुस्तीला कोणी नाही म्हणायचं, विषय संपला." जाता जाता ते म्हणाले, "हे बघा, आईला काही झालं तर मी तुम्हालाच विचारणार. दुसरं कोणाला विचारू?"

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच काळजीने म्हणाले, आणि ते माझ्या छातीवर बसलं. मुलाचं ऐकावं तर बाईंशी खोटं. न ऐकावं तर एखाद्या दिवशी... पुढचं मला मनातसुद्धा पूर्ण करता येईना. माझी खोली, माझी बादली, सगळं त्या बाईंच्या दोन हातांवर होतं, आणि ते हात त्या मशीनवर. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन सगळं सांगून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "प्लग कुठे असतो माहीत आहे?"

"नाही."

"मग या, दाखवते."

त्यांनी मशीनचं वरचं झाकण काढलं, पाना लावला, प्लग फिरवून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा. "हा काढला की ते नुसतं पाच-सहा किलोचं लोखंड. काढायचा असेल तेव्हा काढा. मला सांगून काढा." मी तो परत दिला. बाईंनी बसवला. "मुलगा चुकीचं बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "फक्त तो लांबून घाबरतो. लांबून घाबरण्याचा काही उपयोग नसतो."

मग ती मे महिन्यातली दुपार. वादळ असं सुटलं की गच्चीवरची माझी बादली शेजारच्या आवारात गेली. वारा पडल्यावर खाली आलो तर समोरच्या मोकळ्या जागेतल्या मोठ्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी तुटून आमच्या फाटकावर आडवी. एक टोक भिंतीवर टेकलेलं, दुसरं रस्त्यावर. मुलगा नेमका आलेला, त्यांची गाडी आत अडकलेली, दुसऱ्या दिवशी बंगळूरला ऑफिसात हजर राहायचं. महापालिकेला फोन लावला तर शहरभर झाडं पडलीयेत, येऊ म्हणाले, कधी ते सांगता येत नाही.

गल्ली गोळा झाली. सगळे बाईंकडे बघू लागले. इतके दिवस हसणारे आता म्हणाले, "बाई, तुमचं मशीन काढा की." मुलानेही घड्याळाकडे बघितलं आणि नको म्हटलं नाही. बाई पॅड बांधून आल्या. मी चिमटा लावला.

बारीक फांद्या पटापट निघाल्या. लोकांनी त्या ओढून बाजूला केल्या. मी तोवर दोनदा सुतळी ओढली होती, एकदा एक लहान मुलगी फार पुढे आली म्हणून आणि एकदा उगाच. दुसऱ्यांदा निवृत्त अधिकारी म्हणाले, "बाई, आमच्याकडे घाबरणाऱ्याला मागे ठेवत."

"मीही मागेच ठेवलंय," बाई म्हणाल्या.

मग जाड फांदीची पाळी आली. पातं आत शिरलं, भुसा उडू लागला. निम्मी झाली. आणि मला एकदम वाटलं, थांबवावं. आवाज जरा जड झाला का? फांदी करकरली का? वारा पुन्हा आला का? मला आजही सांगता येत नाही, खरंच सांगतो. मी खूप आठवून बघितलंय. पण तेव्हा मागे सगळी गल्ली, शेजारी मुलगा, आणि मी आधीच दोनदा ओढून बसलेलो. या वेळी हात उचलायला मला जड गेलं. मुलाचा आवाज कानात होता, तुम्हालाच विचारणार. मी ओढली.

टक्क. मशीन बंद. एकदम शांतता.

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. अधिकारी म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचं राहिलंय. एवढ्यात नाही सोडत काम." मुलगा म्हणाला, "आई, निदान विचार तरी त्यांना, कारण काय."

बाईंनी काच वर केली. फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. इतर वेळी त्या चिमटा परत लावायला पाठ करायच्या. या वेळी केली नाही. "त्याचं कारण विचारायचं नाही असं ठरलंय," त्या म्हणाल्या. "आज काम बंद."

"बंद म्हणजे? मला जायचंय. दे इकडे, मी कापतो." मुलाने मशीनच्या मुठीला हात घातला. बाईंनी त्यांना अडवलं नाही. त्या खाली बसल्या, झाकण काढलं, खिशातून पाना काढला, हातमोज्यात धरून तो गरम प्लग फिरवला आणि यजमानांच्या पँटच्या खिशात टाकला.

"बिघडलं," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीला कोणी नाही."

मुलगा आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. माझी मान आपोआप खाली गेली.

"त्यांच्याकडे बघू नकोस," बाई म्हणाल्या. "प्लग कुठे असतो ते त्यांना मीच दाखवलंय. आत चल, पिठलं टाकते."

मुलगा त्या दिवशी राहिला. सकाळी त्यांनी बंबाच्या पाण्याने अंघोळ केली, ते मी गच्चीवरून बघितलं. थोड्या वेळाने महापालिकेची माणसं आली, ती फांदी त्यांनी दोरांनी बांधली, दुसऱ्या बाजूने कापली आणि गाडीत टाकली. काही उसळलं नाही, काही कोसळलं नाही. फांदी कापल्यावर पडते तशी पडली. मला राहवेना. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, "काल निम्म्यावरून पुढे कापली असती तर काही झालं असतं का?"

त्याने फांदीकडे बघितलं, मग अर्ध्या कापाकडे. "झालं असतं," तो म्हणाला. "नाहीतर नसतं."

एवढंच मला माहीत आहे. यापुढचं कोणालाच माहीत नाही. मी तेच बाईंना जाऊन सांगितलं. वाटलं, आज तरी म्हणतील, हे कारण नव्हे. त्या सरपणाच्या ढिगावर खडूने नवं नाव लिहीत होत्या. न वळता म्हणाल्या, "माझी दहा बोटं आहेत ना? मग मला हिशेब पुरतो."

मुलगा निघताना फाटकापाशी थांबला. चिखलात चिमटा पडलेला होता, सुतळीसकट. त्यांनी तो उचलला, बोटाने पुसला आणि माझ्या हातात दिला. "हे तुमचं ना?" म्हणाले. "धरत जा."

पुढे बाईंचे गुडघे गेले आणि त्यांना बंगळूरला जावं लागलं. आठव्या मजल्यावर. बंब त्या घेऊन गेल्या, त्यात आता तुळस आहे म्हणतात. मशीन मला दिलं. खोलीही माझ्याकडेच आहे, खालच्या घरासकट, "नळी बघणारा माणूस हवा" म्हणून. माझं लग्न झालं, बायको आमच्याच भागातली. खडकवासल्याच्या वाटेवर चुलीवरच्या जेवणाचं एक हॉटेल आहे, त्यांना सरपण लागतं. सुट्टीच्या दिवशी मी पडलेल्या फांद्या आणून कापायचो. पॅड तेच, हेल्मेट तेच. मशीन हातात घेतलं की माझे हात असे थरथरायचे की पाढा एकोणतीस चोकच्या पुढे जायचाच नाही. पण बाईंनी दिलंय, म्हणून धरायचो.

एकदा बाईंचा फोन आला. प्रकृती, पाणी, नळी, सगळं झालं. मग म्हणाल्या, "चिमटा कोण धरतं?"

"बायको."

"ती कशाकशाला घाबरते?"

मी विचार केला. "कशालाच नाही, बाई. लहानपणी वाघाच्या जंगलात मोहफुलं वेचायला जायची."

मागे त्यांच्याकडे लिफ्टचा आवाज येत होता.

"मग उलटं करताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "मशीन तिच्या हातात द्या. चिमटा तुम्ही धरा."

आता तसंच चाललंय. बायको माझा शर्ट घालते, पॅड बांधते, एका खेचण्यात मशीन सुरू करते. मी मागे सुतळी धरून उभा. परवा बाभळीचं एक लाकूड निम्मं झालं होतं आणि मी ओढली. टक्क. तिने मशीन बंद केलं, काच वर केली, वळली. "काहून...?" एवढं तोंडातून निघालं, आणि ती थांबली. खाली वाकून तिने चिमटा उचलला, माझ्या हातात दिला, आणि कॉलर पुढे करून माझ्याकडे पाठ केली.